बिअर दुसऱ्या भांड्यात काढावी की आहे तिथेच ठेवावी? घरगुती बिअरवाल्यांचा जुना प्रश्न, सोप्या भाषेत

‘घरच्या घरी बिअर’ असे परदेशी व्हिडिओ आता गावागावांत मोबाईलवर बघितले जातात. नोकरीनिमित्त अमेरिकेत, इंग्लंडमध्ये गेलेली मराठी पोरंही तिथे हा छंद करताना दिसतात. अशा व्हिडिओंमध्ये एक गोष्ट बऱ्याचदा असते. आठवडाभर आंबवलेली बिअर नळीने दुसऱ्या बरणीत काढायची आणि पुन्हा पंधरा दिवस ठेवायची. कोणी सांगतं, हे केल्याशिवाय बिअर चांगली होतच नाही. कोणी सांगतं, ही नसती उठाठेव आहे, त्यानेच माल बिघडतो. यातलं खरं काय? दुसरं भांडं खरंच लागतं का, आणि लागतं तर कधी? समजून घेऊया.

आधी कायदा काय सांगतो ते बघा

महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर किंवा कोणतीही दारू बनवणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ हा कायदा त्याला लागू होतो आणि त्यात दंड व तुरुंगवास दोन्हीची तरतूद आहे. ‘विकायची नाही, घरापुरतीच केली’ म्हणून सुटका होत नाही. त्यामुळे इथे दिलेली माहिती समजून घेण्यासाठी आहे, आपल्याकडे करून बघण्यासाठी नाही.

परदेशात मात्र चित्र वेगळं आहे. इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरापुरत्या बिअरवरचा केंद्राचा कर उठला. एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलनपर्यंत मुभा मिळाली. तरी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा होता. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत ही परवानगी यायला २०१३ साल उजाडलं. विक्री मात्र दोन्ही देशांत परवान्याशिवाय करता येत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. बिअर म्हणजे हातभट्टी नव्हे. हातभट्टीत रसायन उकळून वाफेची दारू काढतात. बिअर फक्त आंबवतात, ती भट्टीवर चढवून दारू गाळत नाहीत. त्यामुळे दोन्हीची पद्धत वेगळी आणि धोकेही वेगळे.

भांड्यात नेमकं होतं काय?

बिअरला चार गोष्टी लागतात : मोड आणून वाळवलेले जव (यालाच माल्ट म्हणतात), पाणी, हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुलं आणि यीस्ट. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली बिअरबद्दल जो प्रसिद्ध नियम झाला, त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं होती. यीस्टचं नाव नव्हतं, कारण हा जिवंत प्रकार आंबवण्याचं काम करतो हे तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हतं. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवर पुस्तक लिहून ते नीट मांडलं. पुढे १८८३ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी यीस्टचा शुद्ध वाण वेगळा काढला. चांगलं विरजण निवडून तेच पुन्हा पुन्हा वापरावं, तसला हा प्रकार.

माल्ट गरम पाण्यात ठेवला की त्यातली साखर पाण्यात उतरते. ते गोड पाणी हॉप्स टाकून उकळतात, थंड करतात आणि त्यात यीस्ट घालतात. घरगुती बिअरची एक खेप साधारण १९ लिटरची असते. यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. नेहमीच्या ‘एल’ प्रकारच्या बिअरला १८ ते २२ अंश तापमान लागतं. पहिले दोन-चार दिवस भांड्यात जोरात फेस येतो, झाकणाच्या नळीतून बुडबुडे सुटतात. नंतर जोर ओसरतो आणि थकलेलं यीस्ट तळाशी बसू लागतं. तळाला जाड साका जमतो.

वादाची सुरुवात इथूनच होते. हा साका खाली असताना बिअर वर तशीच राहू द्यायची, की वरची बिअर अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायची? ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीने डिझेल काढतात तसंच हे काढणं असतं. याला ‘सेकंडरी फर्मेंटेशन’, म्हणजे दुसरं आंबवणं, असं नाव पडलंय. पण हे नावच थोडं फसवं आहे. दुसऱ्या भांड्यात बहुतेक वेळा नवीन काही आंबत नाही. साखर आधीच संपलेली असते. बिअर तिथे फक्त मुरते आणि निवळते.

जुना नियम कुठून आला?

अमेरिकेतल्या छंदी लोकांमध्ये ‘एक-दोन-तीन’ असा नियम चालत आला. एक आठवडा पहिल्या भांड्यात, दोन आठवडे दुसऱ्या भांड्यात आणि तीन आठवडे बाटलीत. लक्षात ठेवायला सोपा, म्हणून पसरला. त्यामागे कारणंही होती.

पहिलं कारण यीस्टचं. त्या काळी माल्टच्या पाकाच्या डब्याच्या झाकणाखाली यीस्टची छोटी पुडी मिळायची. ती किती जुनी, कुठे तापलेली, याचा भरवसा नसायचा. असं अशक्त यीस्ट लवकर मरतं. मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटल्या की बिअरला उग्र, जळक्या रबरासारखी किंवा मांसाच्या रश्शासारखी चव येते. ही भीती होती, म्हणून साक्यावरून बिअर लवकर हलवा असं सांगितलं जायचं.

दुसरं कारण भांड्याचं. अनेक जण उघड्या किंवा सैल झाकणाच्या बादलीत बिअर आंबवायचे. फेस जोरात आहे तोवर वायू बाहेर ढकलला जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. फेस बसला की मात्र बिअर उघडी पडते. मग ती अरुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत काढून घट्ट बूच लावणं शहाणपणाचंच होतं.

तिसरं कारण मोठ्या कारखान्यांचं अनुकरण. कारखान्यात बिअर साक्यावरून काढतात हे लोकांनी बघितलं आणि घरीही तसंच सुरू केलं.

मग मत बदललं कसं?

यातली कारणं हळूहळू गळून पडली. आता यीस्ट तारीख छापलेल्या बंद पाकिटात मिळतं, दुकानात थंड जागी ठेवलेलं असतं. भांड्यांना घट्ट झाकण असतं आणि त्यावर एकाच बाजूने वायू सोडणारी पाण्याची नळी बसते.

कारखान्याशी तुलनाही पूर्ण जुळत नाही. कारखान्यातल्या टाक्या उंच असतात. तळाच्या यीस्टवर वरच्या बिअरचा प्रचंड दाब पडतो आणि साक्यात उष्णता साठते, म्हणून तिथे यीस्ट लवकर खराब होतं. या टाक्यांचा तळ नरसाळ्यासारखा निमुळता असतो. खालची तोटी उघडली की साका बाहेर पडतो, बिअर हलवावीही लागत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक भागात बिअरचे कारखाने आहेत. तिथे काम केलेल्यांना या निमुळत्या टाक्या माहीत असतील. घरातल्या १९ लिटरच्या भांड्यात मात्र साका पसरून बसतो आणि त्यावर फूटभर उंचीचीच बिअर असते. एवढ्या दाबाने यीस्ट फुटत नाही. तीन-चार आठवडे बिअर साक्यावर राहिली तरी सहसा काही बिघडत नाही.

‘हाउ टू ब्रू’ हे घरगुती बिअरवरचं गाजलेलं पुस्तक लिहिणारे जॉन पामर पूर्वी दुसरं भांडं वापरायला सांगत. पुढे त्यांनी स्वतःच मत बदललं. बहुतेक साध्या एल बिअरसाठी दुसऱ्या भांड्याची शिफारस आता करत नाही, असं त्यांनी सांगितलं.

श्राद्धाच्या मांजराची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मांजर पानात तोंड घालतं म्हणून आजोबांनी एकदा ते टोपलीखाली झाकलं. पुढे नातवंडं श्राद्धाच्या दिवशी झाकायला शेजारून मांजर शोधून आणू लागली. दुसऱ्या भांड्याचं बऱ्याच घरांत तसंच झालं. कारण संपलं, रीत राहिली.

हलवण्याचे तोटे काय?

रीत राहिली तर बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. पण इथे फुकटची मेहनत होते एवढंच नाही, नुकसानही होतं.

एक, हवा लागते. आंबवून झालेल्या बिअरचा हवा हा मोठा शत्रू आहे. नळीतून बिअर उडत, खळखळत पडली की त्यात ऑक्सिजन मिसळतो. काही आठवड्यांनी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. मोकळी जागा राहिली तर अजून वाईट. १९ लिटर बिअर २३ लिटरच्या बरणीत काढली, तर वर ४ लिटर हवा उरते. पहिल्या भांड्यात ती जागा यीस्टने सोडलेल्या वायूने भरलेली होती. दुसऱ्यात तो वायू नसतो आणि यीस्टचा जोरही संपलेला असतो.

दोन, जंतू शिरतात. लोणच्याची बरणी जितक्या वेळा उघडाल, ओला चमचा घालाल, तितकी बुरशीची शक्यता वाढते. इथेही तोच हिशोब. नळी, बरणी, बूच, हात, प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. एक चुकली की १९ लिटर आंबट.

तीन, यीस्टचं काम अर्धवट राहतं. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. साखर संपली की यीस्ट लगेच थांबत नाही. सुरुवातीच्या जोरात त्यानेच काही नकोसे पदार्थ तयार केलेले असतात. एकाने हिरव्या सफरचंदासारखा वास येतो, दुसऱ्याने लोण्यासारखा. शेवटच्या दिवसांत यीस्ट ते पदार्थ परत शोषून घेतं आणि बिअर स्वच्छ होते. त्याच वेळी बिअर साक्यावरून काढली, तर साफसफाई करणारे कामगारच मागे राहतात.

चार, काचेची बरणी धोक्याची. भरलेली १९ लिटरची काचेची बरणी २५ किलोच्या आसपास जाते. ओल्या हाताने सटकून फुटली की हातापायाला खोल जखमा होतात. असे अपघात परदेशात होत असतात.

मग दुसरं भांडं कधी वापरायचं?

दुसरं भांडं पूर्ण टाकाऊ ठरलंय असं नाही. काही कामांना ते आजही लागतं.

फळं घालायची असतील तर. चेरी, रासबेरी अशी फळं घातली की त्यात नवीन साखर येते आणि बिअर खरोखर पुन्हा आंबते. इथे ‘दुसरं आंबवणं’ हे नाव शोभतं. फळांचा चोथा जुन्या साक्यात मिसळू नये आणि नव्या फेसाला जागा मिळावी, म्हणून वेगळं भांडं बरं पडतं.

खूप दिवस मुरवायची असेल तर. ‘बार्ली वाइन’सारख्या जास्त अल्कोहोलच्या बिअर महिनोन्‌महिने मुरवतात. लाकडी पिंपात किंवा लाकडाचे तुकडे टाकून ठेवायच्या बिअरही याच गटातल्या. इतका काळ जुन्या साक्यावर ठेवणं योग्य नाही. बेल्जियमच्या आंबट बिअर तर पिंपात वर्ष-दोन वर्षंही राहतात.

लागर प्रकारात. ही बिअर ८ ते १३ अंशांवर आंबवतात आणि मग शून्याच्या जवळ थंड करून काही आठवडे ठेवतात. जुन्या पद्धतीत त्यासाठी वेगळं भांडं घेत. आता अनेक जण थंड करण्याचं काम पहिल्याच भांड्यात किंवा थेट पिण्याच्या पिंपात उरकतात.

पहिलं भांडं मोकळं करायचं असेल, किंवा साक्यातलं ताजं यीस्ट पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरायचं असेल, तरीही काही जण बिअर हलवतात. ही सोयीची कारणं आहेत, चवीची नाहीत.

नुसती बिअर नितळ दिसावी एवढ्यासाठी मात्र हलवायची गरज नाही. भांडं दोन-तीन दिवस १ ते ४ अंशांवर ठेवलं की तरंगणारं यीस्ट आपोआप खाली बसतं. नितळपणा थंडीमुळे आणि वेळेमुळे येतो, भांडं बदलल्याने येत नाही.

दिवस मोजू नका, माप घ्या

हलवायची असो वा नसो, खरा निर्णय कॅलेंडर बघून घ्यायचा नसतो. त्यासाठी हायड्रोमीटर लागतो. दूध डेअरीवर लॅक्टोमीटर बुडवतात, त्याच जातीचं हे काचेचं साधन. साखर जास्त तर ते वर तरंगतं, साखर कमी झाली की खाली जातं.

एक उदाहरण घेऊ. सुरुवातीला माप १.०५० आलं. सातव्या दिवशी १.०१६, दहाव्या दिवशी १.०११ आणि तेराव्या दिवशीही १.०११. म्हणजे दहाव्या दिवसाच्या सुमारास साखर संपली आणि अल्कोहोल साधारण ५ टक्के झालं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापं सारखी आली, की आंबवणं पूर्ण झालं असं धरतात. वरून एक आठवडा यीस्टला साफसफाईसाठी दिला की बिअर बाटलीत भरायला तयार.

आता बघा, ‘एक आठवडा झाला, काढा दुसऱ्या भांड्यात’ हा नियम पाळला असता तर काय झालं असतं? सातव्या दिवशी माप १.०१६ होतं, म्हणजे साखर अजून बाकी होती. बहुतेक यीस्ट साक्यातच मागे राहिलं असतं. दुसऱ्या भांड्यातल्या थोड्या यीस्टने काम हळू केलं असतं किंवा मध्येच थांबवलं असतं. बुडबुडे दिसत नाहीत म्हणून कोणी ती बाटलीत भरली, की धोका सुरू.

कारण बाटलीत फेस यावा म्हणून भरताना मुद्दाम थोडी साखर घालतात. १९ लिटरला साधारण ११० ते १२० ग्रॅम. वर सांगितलेल्या उदाहरणात आधीचीच सुमारे २०० ग्रॅम साखर उरलेली असते. दोन्ही मिळून वायू ठरलेल्या मापाच्या अडीच-पावणेतीन पट होतो. बंद बाटलीला एवढा दाब सोसत नाही आणि ती फुटते. काचेचे तुकडे खोलीभर उडतात. घरगुती बिअरवाले याला ‘बॉटल बॉम्ब’ म्हणतात ते उगाच नाही.

झाकणाच्या नळीतले बुडबुडे थांबले, यावरही भरवसा ठेवता येत नाही. झाकण सैल असेल तर वायू दुसरीकडून निघून जातो आणि काम चालू असूनही बुडबुडे दिसत नाहीत. उलट ऊन वाढून बिअर तापली, तर काम संपलं असूनही बुडबुडे येतात.

ठरवायचं कसं? चार प्रश्न

जिथे कायद्याने मुभा आहे, तिथे हा छंद करणाऱ्याने हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत.

१. बिअर एका महिन्याच्या आत बाटलीत जाणार आहे का? जाणार असेल तर पहिल्याच भांड्यात राहू द्या.

२. फळ, लाकूड किंवा अनेक महिन्यांचं मुरवणं आहे का? असेल तरच दुसऱ्या भांड्याचा विचार करा.

३. दोन-तीन दिवसांच्या अंतराने माप सारखं आलं का? आलं नसेल तर हात लावू नका, आठवडा उलटला असला तरी.

४. दुसरं भांडं गळ्यापर्यंत भरेल का आणि सगळं साहित्य निर्जंतुक आहे का? मुरवण्यासाठी हलवताना वर मोकळी जागा ठेवायची नाही. फळं घातली असतील तर फेसापुरती जागा ठेवावी लागते. नळीचं टोक भांड्याच्या तळाशी टेकवायचं, म्हणजे बिअर खळखळत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर पुढचा विचारच नको. नेहमीच्या साध्या बिअरचं उत्तर जवळजवळ दर वेळी हेच येतं.

वाइनला हाच नियम का लागू नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांना इथे एक शंका येईल. वायनरीत तर वाइन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत काढतातच, मग ती चूक आहे का? नाही. वाइन बिअरपेक्षा बराच जास्त काळ मुरते. तिच्या तळाला यीस्टबरोबर द्राक्षाचा गर, साल यांचा जाड गाळ असतो आणि तो लवकर बाजूला करावा लागतो. शिवाय लाल वाइनमध्ये एक दुसरा बदल खरोखर होतो. जिवाणू द्राक्षातल्या आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. दह्यात असतं तेच हे आम्ल. म्हणून तिथे दुसऱ्या टप्प्याला अर्थ आहे. वाइनचा नियम बिअरला आणि कारखान्याचा नियम घरच्या बादलीला लावला, की घोटाळा होतो.

व्हिडिओत ‘सात दिवसांनी दुसऱ्या भांड्यात काढा’ असं कोणी सांगितलं, तर आधी दोन गोष्टी बघाव्यात : त्याने हायड्रोमीटरचं माप दाखवलं का, आणि हलवण्याचं कारण सांगितलं का. दोन्ही नसेल तर तो सल्ला डोळे झाकून घेण्यासारखा नाही. आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी पुन्हा एकदा लक्षात ठेवावं : परवान्याशिवाय पहिलं भांडंही लावता येत नाही, दुसरं तर दूरच.